रजिस्टरमधला शून्य

ज्या गावाच्या पाणीपुरवठा रजिस्टरमध्ये क्लोरीनचा आकडा महिनाभर रोज ०.५ असाच लिहिलेला आहे, त्या गावात क्लोरीन कोणी मोजत नाही. मी हे ठामपणे लिहितो, कारण पाणी रोज सारखे नसते. पाऊस पडला की विहिरीत गढूळ उतरते आणि टाकलेला क्लोरीन त्या गढुळातच संपतो. वीज गेली की टाकी अर्धीच भरते आणि नेहमीच्या मापाने टाकलेली पावडर दुप्पट लागू होते. नवी गोणी उघडली की आकडा चढतो, तीच गोणी दमट खोलीत महिनाभर उघडी पडली की उतरतो. खरोखर मोजणाऱ्याच्या वहीत ०.२ दिसेल, ०.८ दिसेल, एखाद्या दिवशी शून्य दिसेल.

त्या शून्याला आपल्याकडे जागा नाही. ती मिळाली पाहिजे, एवढेच या आठवड्याचे मागणे आहे.

पळस्पे फाटा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे तो वळणासाठी. पनवेल सोडले की जुना मुंबई-पुणे महामार्ग पुढे जातो आणि गोव्याचा रस्ता इथून उजवीकडे फुटतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ इथे सुरू होतो. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाची रखडपट्टी प्रत्येक चाकरमान्याच्या कमरेला माहीत आहे. फाट्याच्या आत गाव आहे, हे मात्र गाडीतून दिसत नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा आजूबाजूची २९ गावे तिच्यात गेली. पळस्पे गेले नाही. इथे ग्रामपंचायत राहिली. एका अंगाला सिडकोची शहरे, दुसऱ्या अंगाला महापालिका, वरून विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे, म्हणजे नैनाचे, आराखडे, आणि थोड्या अंतरावर ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला आंतरराष्ट्रीय विमानतळ. या सगळ्यांच्या मधल्या गावांत पाणी कोण सोडतो? ग्रामपंचायतीचा एक माणूस, एक पाना, एक पावडरची गोणी.

महापालिकेकडे प्रयोगशाळा असते, रसायनतज्ज्ञ असतो, पाणीपुरवठा अभियंता असतो. मुंबईत हे सगळे आहे आणि त्याचा परिणामही दिसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने राजधानीच्या शहरांतल्या नळांचे पाणी तपासून निकाल जाहीर केले, तेव्हा मुंबईचे दहाच्या दहा नमुने सगळ्या कसोट्यांवर उतरले आणि मुंबई पहिली आली. म्हणजे नळाला थेट पिण्याजोगे पाणी देणे या देशात, या राज्यात जमते. पळस्प्यापासून तासा-दीड तासावर जमते. गावात जमत नसेल तर तिथे माणसे, साधने आणि हिशेब कमी पडतात, दुसरे काही नाही.

आपल्या भागाची एक अडचण जमिनीतच आहे. खडक बसाल्टचा. पाणी वरच्या मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून सरकते. वाळूच्या जाड थरातून जाताना पाणी सावकाश झिरपते आणि वाटेत बरेचसे गाळले जाते. भेगेतून जाताना ते गाळले जात नाही. शोषखड्डा आणि विहीर एकाच भेगेवर आली की खड्ड्यातले विहिरीत जाते. पनवेल तालुक्यात गेल्या वीस वर्षांत भातखाचरांवर इमारती, गोदामे आणि कंटेनर यार्ड उभी राहिली. भुयारी गटार मात्र ग्रामपंचायतींच्या हद्दीत फारसे पोचले नाही. प्रत्येक इमारतीच्या पोटात सेप्टिक टाकी आहे. जून ते सप्टेंबर भूजल जमिनीच्या अगदी जवळ आलेले असते आणि विहिरी काठोकाठ असतात. वरून वाहते पाणी आणि खालून खड्ड्यांचे पाणी, दोन्ही एकाच वेळी विहिरीवर चालून येतात.

आता तपासणीचे वेळापत्रक पाहा. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. त्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाण्याच्या स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंसाठीची तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, व्हायला हवी. नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत जातात. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण करून गावाला कार्ड देतो. लाल म्हणजे जोखीम तीव्र, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे सौम्य. सलग पाच वर्षे हिरवे टिकले आणि साथ आली नाही तर चंदेरी. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण पाणी रोज प्यायचे आहे. जिवाणूंच्या दोन तपासण्या म्हणजे वर्षातले दोन दिवस. उरलेले ३६३ दिवस गावाला सांभाळते ती फक्त पाण्यात शिल्लक राहिलेली क्लोरीनची मात्रा.

हे शिल्लक क्लोरीनचे गणित अवघड नाही आणि प्रत्येक घरात कळले पाहिजे. भारतीय मानक १०५००, वर्ष २०१२. त्यात म्हटले आहे की ग्राहकाच्या नळाला पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५. पाण्यातून पसरणारी कावीळ विषाणूंनी होते. २०१२ सालीच इचलकरंजीत पाण्यातून पसरलेल्या काविळीने किती घरे उद्ध्वस्त केली ते कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. याच मानकात दुसरी ओळ आहे: १०० मिलिलिटरच्या कोणत्याही नमुन्यात ई-कोलाय जिवाणू आढळता कामा नये. थोडेसे चालतील असे तिथे लिहिलेले नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त खुपते. हे मानक सार्वजनिक नळ योजनांना सक्तीचे नाही. सीलबंद बाटली विकणाऱ्याला कायदा लागू होतो, परवाना लागतो, दंड होतो. पाच हजार माणसांना नळाने पाणी देणाऱ्याला मानक मार्गदर्शक म्हणून आहे. विकत घेतलेल्या पाण्याला कायदा आणि हक्काच्या पाण्याला सल्ला, ही व्यवस्था उलटी आहे आणि ती बदलली पाहिजे.

आता गोणीकडे येऊ. तिच्यातल्या ब्लिचिंग पावडरला गावात टीसीएल म्हणतात. ताज्या पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पन्नास हजार लिटरची टाकी आहे आणि लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा आहे असे धरा. १०० ग्रॅम क्लोरीन लागेल, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम पावडर. आता तीच गोणी पंपघरात, जमिनीवर, तोंड उघडे ठेवून, कोकणच्या पावसाळ्यात पडली आहे. क्लोरीन उडून १५ टक्क्यांवर आला. आता त्याच टाकीला ६६० ग्रॅमच्या वर पावडर लागेल. माणूस मात्र तोच डबा भरून टाकतो आहे. डबा तोच, पावडर तीच, वास थोडाफार येतोच, आणि पाणी निम्म्याहून कमी राखले गेले. यात त्या माणसाचा आळस कुठे आहे? गोणीत क्लोरीन किती उरला ते तपासून सांगणे वरच्यांचे काम होते. पावडर टाकायची तरी कशी, तेही त्याला कोणी दाखवलेले नसते. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे नितळ पाणी टाकीत ओतायचे, अर्धा तास थांबायचे, मग झडप उघडायची. तो अर्धा तास महत्त्वाचा, कारण जंतू मरायला वेळ लागतो. गावात मात्र पावडर टाकली आणि लगेच पाणी सोडले असे सर्रास चालते, कारण दहा मिनिटे उशीर झाला की फोन सुरू होतात.

फोन आणखी एका कारणाने येतात. "आज पाणी वास मारतंय." ही तक्रार मी प्रत्येक गावात ऐकली आहे. पाण्याला क्लोरीनचा वास आला की बायका टाकीवाल्याला बोलतात, पुरुष सदस्याला फोन करतात, सदस्य टाकीवाल्याला झापतो, आणि दुसऱ्या दिवशी डबा अर्धा भरला जातो. वास न येणाऱ्या पाण्याबद्दल कोणीच फोन करत नाही. मी माझ्या वाचकांना स्पष्ट सांगतो: हलका वास आला तर टाकीवाल्याला बोलू नका. पावसाळ्यात चार दिवस अजिबात वास आला नाही तर जरूर विचारा.

एवढे सगळे एका दूरच्या गावात अगदी असेच घडले आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातल्या जनावरांच्या शेणातले जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. सात माणसे मेली, सुमारे २,३०० आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत जे बाहेर आले ते वाचून मला आपलेच पंपघर आठवले. पाणी सोडणारे दोघे भाऊ होते. त्यांना रीतसर प्रशिक्षण नव्हते. विहिरीचे पाणी चांगलेच आहे अशी त्यांची खात्री होती, ते स्वतःही ते पीत. लोक क्लोरीनच्या वासाची तक्रार करायचे म्हणून ते क्लोरीन कमी टाकायचे. आणि वहीत? न मोजता ०.५ किंवा ०.७५ लिहायचे. वर्षानुवर्षे तेच दोन आकडे, आणि वरून वही तपासणाऱ्या कोणालाही त्यात काही खटकले नाही. पाणी दूषित आहे असा प्रयोगशाळेचा निरोप १७ मेला हाती आला, तो व्यवस्थापकाने दडवला आणि आरोग्य खात्याला पाणी ठीक आहे असे सांगितले. पाणी उकळून प्या हा इशारा आरोग्य अधिकाऱ्याने २१ मेला स्वतःच्या जबाबदारीवर दिला. चार दिवस गेले. त्या चार दिवसांत लोक पीत राहिले.

ओकॉनर यांनी दोघा भावांना मोकळे सोडले नाही, पण तिथेच थांबलेही नाहीत. पैसे वाचवण्यासाठी सरकारी देखरेख कमी करणाऱ्या प्रांत सरकारवरही त्यांनी बोट ठेवले. क्लोरीन सतत मोजणारे साधे यंत्र विहिरीवर असते तर ही साथ टळली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुर्घटना झाली की आपल्याकडे आधी ग्रामपंचायत अधिकारी निलंबित होतो आणि पाणी सोडणारा कामावरून जातो. ज्याने वर्षभर एकसारखे आकडे पाहून सही केली तो तालुक्याच्या जागी तसाच बसून असतो.

वॉकर्टन लांबचे वाटत असेल तर पुण्याला या. २०२१ मध्ये पुणे महापालिकेने हद्दीलगतची २३ गावे घेतली. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी त्यांतलीच. सिंहगड रस्त्याची ही गावे महापालिकेत आली, करपावत्या आल्या, शुद्धीकरण प्रकल्पातून गाळलेले पाणी आले नाही. धरणाचे पाणी विहिरीत घ्यायचे, क्लोरीन टाकायचा आणि सोडायचे, असे चालले होते. जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दवाखान्यांत आले. पाय लुळे पडलेली तरुण माणसे, व्हेंटिलेटरवरची मुले. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. वॉकर्टनच्या विहिरीतही ई-कोलायबरोबर हाच जिवाणू होता. त्यानंतर धावपळ झाली, नमुने घेतले गेले, नळांचे, टँकरचे, खासगी आरओ प्रकल्पांचे. आरओचे कितीतरी नमुने पिण्यास अयोग्य निघाले आणि ते प्रकल्प सील करावे लागले.

हे शेवटचे वाक्य पनवेलकरांनी नीट लक्षात ठेवावे. कारण आपल्याकडे प्रत्येक शंकेवर एकच उत्तर आहे: जार. वीस लिटरचा थंड जार लग्नात, दुकानात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या बैठकीत. झाकण नुसते दाबून बसवलेले, सील नाही, तारीख नाही, पाणी कुठल्या बोअरचे ते माहीत नाही. आरओ यंत्र पाण्यातला क्लोरीन आधीच काढून टाकते, त्यामुळे त्यानंतर जारमध्ये, नळीत किंवा चालकाच्या हातून एखादा जंतू गेला तर त्याला अडवणारे काहीच उरत नाही. ज्याला परवडते तो जार घेतो आणि नळाबद्दल विचारणे सोडून देतो. विचारणारी माणसे अशी एकेक करून कमी होतात, आणि नळ उरतो तो ज्यांचे ग्रामसभेत कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी.

म्हणून क्लोरीन कुठे मोजायचा हा प्रश्न येतो. टाकीखालच्या पहिल्या नळाला मोजला तर आकडा छान येतो. आरोग्यसेवकाला दाखवायला तोच नळ बरा पडतो. खरा आकडा शेवटच्या नळाला असतो. आपल्या तालुक्यात शेवटचा नळ बहुधा कातकरी किंवा ठाकूर वाडीत असतो, नाहीतर गोदामामागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी. तिथवर जाताना वाहिनी जुनी झालेली, सांध्यांतून गळणारी आणि अर्धा रस्ता गटारातून गेलेली. पाणी दिवसातून तासभर येते, बाकी वेळ वाहिनी रिकामी. रिकाम्या वाहिनीत बाहेरचे आत येते. त्यात घराघरांत टिल्लू पंप. नळाला पंप लावला की वाहिनीतले पाणी ओढले जाते, आणि पुढे पाणी पुरेसे नसेल तर वाहिनी भेगांतून गटार ओढते. पंप लावणारा आपल्या हंड्यासाठी शेजारच्या पोराच्या पोटात गटार घालतो. कठोर वाटेल, पण वाहिनीत घडते ते असेच.

रस्ता खोदणाऱ्यांनाही हे सांगायला हवे. फुटलेली वाहिनी जोडली, माती लोटली, पाणी सोडले, एवढ्याने काम झाले नाही. जोडल्यावर वाहिनी धुऊन काढायची, जास्त क्लोरीनचे पाणी भरून ठेवायचे, ते सोडून द्यायचे, मग शेवटच्या नळाला मोजायचे. हा खर्च खोदणाऱ्या ठेकेदाराच्या निविदेत असला पाहिजे. ग्रामपंचायतीने खोदाईला ना हरकत देताना ही अट घालावी.

क्लोरीन म्हणजे सगळे काही, असेही कोणी समजू नये. सेप्टिक टाक्यांतून भूजलात नायट्रेट उतरते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. क्लोरीन नायट्रेटला हात लावत नाही आणि पाणी उकळले तर ते उलट दाट होते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका. आणि हा तळोजाचा तालुका आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक क्षेत्रात निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली, जगभर फोटो गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद केला. तिथल्या कासाडी नदीसाठी कोळी बांधव कितीतरी आधीपासून ओरडत होते, पण लक्ष वेधले ते कुत्र्यांनी. कारखान्यांच्या आसपासच्या विहिरी आणि बोअरना वर्षातून एक रासायनिक तपासणी पुरत नाही. तिथे जड धातू आणि सेंद्रिय रसायने पावसाआधी आणि पावसानंतर दोन्ही वेळा तपासली पाहिजेत आणि अहवाल गावाला मराठीत मिळाला पाहिजे.

वीजबिलाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत, लोक उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्यायले. शेकडो आजारी पडले, काहींचा जीव गेला. नळ योजना होती. बिल थकले म्हणून तिची वीज तोडलेली होती. नळ कोरडा पडला की माणूस पाणी पिणे थांबवत नाही, तो मिळेल ते पितो. थकबाकी हा महावितरणच्या लेखी वसुलीचा प्रश्न आहे, पण पाण्याच्या पंपाची वीज तोडणे म्हणजे साथीला दार उघडून देणे आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. पैसा कुठे गेला हे गावाने विचारायचे ते याच ओळीवर बोट ठेवून.

आणि आता तो माणूस. पहाटे उठून झडप फिरवणारा, पावसात टाकीवर चढणारा, हातमोजे नाहीत, नाकाला फडके नाही, पावडरने डोळे चुरचुरतात. कागदावर काही ठिकाणी तोच जलसुरक्षक, तोच नमुने घेणारा, तोच शिपाई, तोच घरपट्टीच्या पावत्या वाटणारा. ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे वेतन करवसुलीशी बांधण्याची अट काढा, असे त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. गावाने पट्टी भरली नाही म्हणून गावाचे पाणी राखणाऱ्याचा पगार कापणे अन्यायाचे आहे आणि धोक्याचेही आहे.

याच माणसाच्या वहीत आपल्याला खरे आकडे हवे आहेत. आज काय होते? क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला पाणी पिवळे झाले नाही, म्हणजे क्लोरीन शून्य. त्याने शून्य लिहिला तर पहिला प्रश्न त्याला: तू काय करत होतास? नोटीस त्याला. बातमी आली तर सरपंचांची नाराजी त्याच्यावर. कार्ड पिवळे झाले तर वरून ओरड. म्हणून तो ०.५ लिहितो. तो खोटे लिहितो, कारण आपण सगळ्यांनी मिळून त्याला खऱ्याची शिक्षा ठरवून ठेवली आहे. वॉकर्टनची वही अशीच तयार झाली.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एक लेखी नियम करावा. शून्य लिहिल्याबद्दल नोटीस नाही. न मोजता लिहिल्याबद्दल नोटीस. शून्य आला की काय करायचे ते कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत: झडप बंद, टाकीत पुन्हा पावडर, अर्धा तास, पुन्हा मोजणी, तोवर देवळाच्या भोंग्यावरून आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना, प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. तासाभराचे काम आहे. आणि रोजचा आकडा, जसा आला तसा, तारीख, वेळ आणि कुठल्या नळाचा ते लिहून बाहेरच्या फळ्यावर. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे संच वापरायला शिकवायचे ठरलेले आहे. त्या पाच जणी कोण, हे गावाला ठाऊक असावे. आठवड्यातून एकदा त्यांनी स्वतः शेवटच्या नळाला मोजावे आणि टाकीवाल्याच्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहावा. एच-टू-एसची छोटी बाटली भरून ठेवली आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर दूषित असण्याची शंका घ्यायची आणि नमुना प्रयोगशाळेत धाडायचा. याला अभियंता लागत नाही.

खर्च? मोजणीचा संच, झाकणाचे प्लास्टिकचे पिंप गोणी ठेवायला, हातमोजे, चष्मा, पावसाळ्यात महिन्याला एक जादा जिवाणू तपासणी. गोदामांची घरपट्टी येणाऱ्या ग्रामपंचायतीला हा खर्च जाणवणारही नाही. थोडी मोठी रक्कम लागेल ती टाकीच्या तोंडाशी आपोआप क्लोरीन सोडणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्राला. पण कमान, हायमास्ट आणि पेव्हर ब्लॉक यांच्याआधी ते यावे.

ग्रामसभा वर्षातून निदान चारदा होते. पावसाळ्याआधी गाठायची ती १ मेची. विषय आयत्या वेळी काढला तर "पुढच्या सभेत घेऊ" होते, म्हणून आधी लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात तीनच गोष्टी मागा: गेल्या वर्षातले प्रयोगशाळेचे सगळे अहवाल, गेल्या जुलै महिन्याच्या क्लोरीन रजिस्टरची प्रत, आणि पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची थकबाकी. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्या महिला सभेला हजर राहतील असे बघा, आणि वाडीतल्या बायांना घरी जाऊन निरोप द्या, कारण दवंडी तिकडे पोचत नाही. जुलैची प्रत हातात आली की आधी आकडे वाचू नका. ते एकमेकांपासून वेगळे आहेत का, एवढेच बघा.